मराठी 'मॅकबेथ' बघितलं: जो खून दिसलाच नाही त्यानेच झोप उडवली

मागच्या शनिवारी रात्री आईला घेऊन 'मॅकबेथ'चा मराठी प्रयोग बघून आले. सदाशिव पेठेतलं छोटं थिएटर, शंभरच्या आसपास खुर्च्या, तिकीट ३०० रुपये, मध्यंतर धरून सव्वादोन तास. ग्रुप नवीन आहे, सगळी पंचविशीतली मुलं, दिवसा नोकरी आणि रात्री तालमी करणारी, म्हणून कुणाचंच नाव घेत नाही, पण लिहायचं आहेच, कारण रविवारी दिवसभर त्या दारावरच्या थापा माझ्या डोक्यातून जात नव्हत्या.

आधीच सांगते, नाटक बघण्यासारखं आहे, जरूर जा. पण अर्धं नाटक इतकं जबरदस्त आणि अर्धं इतकं ओरडाआरडीचं का वाटलं याचा विचार करत बसले आणि मला एकच उत्तर मिळालं. जिथे त्यांनी मारामारी दाखवली तिथे काहीच वाटलं नाही, आणि जिथे फक्त हात दाखवले, आवाज ऐकवला, तिथे अंगावर काटा आला.

गोष्ट बहुतेकांना माहीत असेल तरी थोडक्यात. स्कॉटलंडचा सरदार मॅकबेथ, तीन चेटकिणी त्याला सांगतात तू राजा होणार, घरी बायको म्हणते मग वाट कसली बघतोयस, राजा डंकन त्यांच्याच घरी पाहुणा म्हणून येतो आणि रात्री झोपेत मारला जातो. मग तो खून लपवायला दुसरा, दुसऱ्यासाठी तिसरा. शेक्सपिअरने हे लिहिलं साधारण १६०६ च्या सुमाराला. खऱ्या इतिहासातला डंकन तरुण होता आणि १०४० मध्ये लढाईत मेला, आणि खऱ्या मॅकबेथने नंतर सतरा वर्षं राज्य केलं. म्हणजे नाटककाराने मुद्दाम राजाला म्हातारा केलं, पाहुणा केलं, झोपवलं. लढाईतलं मरण काढून घरातला खून आणला. हा बदल केवढा मोठा आहे ते प्रयोग बघताना कळतं.

या मुलांनी गोष्ट उगाच इकडे आणलेली नाही हे मला आवडलं. नावं तीच, स्कॉटलंड तेच, फक्त कपडे म्हणून काळे कुर्ते आणि वर खरखरीत घोंगडी. थंडी लगेच कळते. नेपथ्य म्हणजे मागे एक लाकडी दार, एक लांब बाक आणि कोपऱ्यात तांब्याचं घंगाळं, त्यात खरं पाणी. बस.

सुरुवातीलाच जखमी सैनिक येतो आणि लढाईचं वर्णन करतो, की मॅकबेथने बंडखोराला बेंबीपासून जबड्यापर्यंत उभा चिरला आणि त्याचं मुंडकं तटावर लावलं. आणि राजा हे ऐकून खूश होतो! वा, शूर माझा भाऊ, अशा थाटात. मॅकबेथ अजून स्टेजवर आलेलाही नाही आणि आपल्याला त्याची पहिली ओळख होते ती माणूस कसा फाडतो याची, आणि सगळा दरबार त्याचं कौतुक करतोय. इथे दिग्दर्शकाने छान केलंय, सैनिक बोलता बोलता हाताने ते चिरणं दाखवतो, खालून वर, आणि दरबारातला एक तरुण पोरगा नकळत तीच खूण स्वतःच्या पोटावर करतो. दोन सेकंदांची गोष्ट आहे. पण पुढे जे जे होतं ते सगळं इथूनच सुरू होतं, कारण ज्या हाताला दुपारी शाबासकी मिळाली त्याच हाताने रात्री तेच काम केलं.

आता खुनाचा प्रवेश. याबद्दल मी जास्त लिहिणार आहे कारण ३०० रुपये याच एका प्रवेशाने वसूल होतात.

मूळ नाटकात डंकनचा खून स्टेजवर होतच नाही. मॅकबेथ आत जातो, बाहेर बायको एकटी. आपण तिच्याबरोबर थांबायचं. घुबड ओरडतं, ती दचकते, मग स्वतःलाच समजावते, मग म्हणते की झोपेत तो म्हातारा माझ्या वडिलांसारखा दिसला नसता तर मीच केलं असतं. हे वाक्य त्या मुलीने किती हळू म्हटलं काय सांगू, शेवटच्या रांगेत ऐकू गेलं असेल की नाही माहीत नाही, पण आम्ही चौथ्या रांगेत होतो आणि माझ्या शेजारच्या काकांनी श्वास रोखलेला मला कळला. संगीत नाही. लाईट एकच, दाराच्या फटीतून येणारा पिवळा पट्टा. मग तो बाहेर येतो, दोन्ही हातांत खंजीर, आणि हात अंगापासून लांब धरलेले, जसं आपण तेलाचे हात कपड्यांना लागू नयेत म्हणून धरतो ना तसे. बायकोला खंजीर दिसतच नाहीत आधी. बोलतात काय तर क्षुल्लक, तू आवाज ऐकलास का, कधी, आत्ता, मी उतरताना का. दोघं लहान मुलांसारखी घाबरलेली. आणि मग तिला दिसतं की खंजीर तिथेच ठेवायचे ठरले होते आणि हा घेऊन आलाय!

इथे दोघांचं जे भांडण होतं ते मला सगळ्या तलवारबाजीपेक्षा भयानक वाटलं, कारण ते अगदी घरातलं भांडण आहे. परत जा, ठेवून ये. मी नाही जाणार. मग दे इकडे. कुणीही नवराबायको गॅस बंद केला का यावरून जसं भांडतील तशाच आवाजात, दबक्या, शेजारी उठतील म्हणून. ती हिसकावून घेते आणि आत जाते, आणि तेवढ्यात दारावर थाप. मग परत. मग परत. त्यांनी हा आवाज रेकॉर्डेड वापरलेला नाही, मागे कुणीतरी खरंच दारावर मूठ आपटतंय, लाकूड थरथरताना दिसतं. कॉलेजात असताना पुरुषोत्तम करंडकासाठी, म्हणजे कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेसाठी, दोन वर्षं मी बॅकस्टेज केलंय त्यामुळे मला माहीत आहे की असा आवाज रोज एकसारखा काढायला किती घासावं लागतं, जरा लवकर पडली थाप तर नटाचं वाक्य मरतं आणि जरा उशिरा पडली तर नट उघडा पडतो. इथे प्रत्येक थाप बरोब्बर वाक्याच्या पोटात बसत होती.

आणि ती परत येते, तिचेही हात आता तसेच. दोघं घंगाळ्याशी बसतात. थोडं पाणी की झालं साफ, असं ती म्हणते. तो धुतच नाही, हात पाण्यावर धरून बसून राहतो, त्याला वाटतंय सगळा समुद्र आणला तरी हे जाणार नाही, उलट समुद्रच लाल होईल. घंगाळ्यातलं पाणी हळूहळू गडद होतं, स्पॉट वरून सरळ घंगाळ्यात, आणि पाण्याची लाल झाक छतावर हलताना दिसते. ते मुद्दाम केलं होतं की आपोआप झालं माहीत नाही पण मी आयुष्यात विसरणार नाही.

भाषांतराबद्दल एक. मूळ नाटकात मॅकबेथला 'आमेन' म्हणायचं असतं आणि शब्द घशात अडकतो. यांनी तिथे 'तथास्तु' घेतलंय. मला नाही पटलं. तथास्तु हा देणाऱ्याचा शब्द, वर देणाऱ्याचा, आणि हा बिचारा तर मागणारा आहे. त्यापेक्षा 'देवाचं नाव तोंडातून निघेना' एवढं साधं म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण नटाने त्या अडकण्याचं जे केलं, ओठ हलतात आणि फक्त हवा येते, त्यामुळे शब्द कुठलाही असता तरी पोचलं असतं.

मध्यंतरात चहा घेताना आई एकदम म्हणाली, "अगं, नखं बघितलीस का तिची? नखात राहिलं होतं." माझी आई तीस वर्षं नर्स होती, त्यातली बरीच वर्षं कॅज्युअल्टीत. तिचं म्हणणं असं की लोकांना वाटतं रक्त म्हणजे वाहणारं लाल पाणी, पण ते फार लवकर चिकट होतं, मग काळपट होतं, हात एकमेकांना चिकटतात, आणि साबणाने धुतलं तरी नखांच्या कडेला राहतंच, घरी येऊन पोळ्या करायला बसलं की दिसतं. ती हे इतक्या शांतपणे सांगत होती आणि मला जाणवलं की मी लहानपणी तिला रात्री मोरीत ब्रशने नखं घासताना कितीदा तरी पाहिलंय आणि कधी विचारलं नाही. ज्या कुणी रंगभूषा केलीय त्याने किंवा तिने हे नीट बघून केलंय. आम्ही कॉलेजात रक्त म्हणजे लिक्विड ग्लुकोजमध्ये खायचा लाल रंग घालायचो आणि ते सरबतासारखं दिसायचं. इथे त्यात काहीतरी तपकिरी मिसळलंय, कॉफी असेल, आणि हाताच्या रेषांत ते वाळून बसलं होतं.

आता मध्यंतरानंतरचं. मॅकबेथ राजा झाल्यावर आपल्याच सोबती सरदाराला, बॅन्कोला, मारेकऱ्यांकडून मारवतो. हा खून मूळ नाटकातही स्टेजवरच आहे, त्यामुळे तो दाखवला याबद्दल तक्रार नाही. पण कसा दाखवला! अचानक भसाभसा ढोल, लाल लाईट, स्ट्रोबची उघडझाप, तीन मारेकरी स्लो मोशनमध्ये गोल फिरतायत, बॅन्को गुडघ्यावर, वरून धूर. चार मिनिटं तरी चाललं असेल. एका तलवारीचं पातं मुठीतून हललं आणि नटाने ते हाताने दाबून धरलं, बिचाऱ्याचा दोष नाही, पण आपलं लक्ष मग पात्यावरच राहतं. मूळ प्रसंग किती साधा आहे, बाप आणि मुलगा मशाल घेऊन येतात, बाप म्हणतो आज पाऊस पडणार बहुतेक, मारेकरी म्हणतो पडू दे, आणि वार. मशाल विझते, अंधारात पोरगा पळतो. एवढंच. पावसाच्या गप्पा मारता मारता माणूस मेला, यात जी भीती आहे ती त्या ढोलात कुठल्या कुठे वाहून गेली. याच ग्रुपला तासाभरापूर्वी एक दार आणि एक मूठ पुरली होती हो!

मेजवानीचा प्रवेश ठीक. तिथे मॅकबेथला बॅन्कोचं भूत दिसतं, ते भूत खरं आणलेलं नाही, रिकामी जागा ठेवलीय बाकावर, आणि तेच बरोबर.

त्यानंतर मॅकडफच्या, म्हणजे मॅकबेथविरुद्ध गेलेल्या सरदाराच्या, घरी मारेकरी येतात तो प्रवेश. इथे लहान मुलाला आईसमोर मारतात, आणि हेही मूळ नाटकात स्टेजवरच आहे. यांनी मुलाच्या भूमिकेत दहाबारा वर्षांचा खरा मुलगा घेतलाय आणि तो आईशी बाबांबद्दल जे बोलतो, उलटसुलट प्रश्न विचारतो, ते इतकं गोड की लोक हसत होते. आणि हसता हसताच झालं. वार दिसला नाही, मारेकऱ्याची पाठ आमच्याकडे होती, फक्त मुलाचे पाय दिसले, एक चप्पल निघाली. इथे परत तेच, कमी दाखवलं आणि जीव गेला.

पण एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. आमच्या मागच्या रांगेत एक आठेक वर्षांची मुलगी आली होती आईबाबांबरोबर, ती या प्रवेशात रडायला लागली आणि थांबेचना, शेवटी तिची आई तिला उचलून बाहेर घेऊन गेली. त्या बाईंची काय चूक? पोस्टरवर, तिकिटाच्या मेसेजमध्ये, दारावर, कुठेच एक ओळ नव्हती की लहान मुलांना आणू नका. आयोजकांनी हे लगेच करायला हवं. शेक्सपिअर म्हणजे शाळेतलं काहीतरी चांगलं असेल असं समजून लोक मुलांना घेऊन येतात.

आणि आता संपूर्ण नाटकातला सगळ्यात हिंसक प्रवेश, ज्यात कुणी कुणाला बोटही लावत नाही. मॅकडफ परदेशात आहे, त्याला निरोप्या येऊन सांगतो की तुझ्या बायकोला आणि मुलांना मारलं. निरोप्याला सांगवत नाही, आधी म्हणतो सगळे बरे आहेत. मग सांगतो. मॅकडफ काही बोलत नाही. या नटाने घोंगडीची कड दोन्ही हातांनी धरली आणि ती एवढीशी घडी घालत राहिला. मग विचारतो, मुलंही? बायकोही? परत विचारतो, सगळी? माझी सगळी पिल्लं आणि त्यांची आई, एकाच झडपेत? आपल्याकडे कुणाच्या घरी अशी बातमी येते तेव्हा माणसं अगदी असंच करतात, तेच तेच विचारतात, जसं तिसऱ्यांदा विचारलं तर उत्तर बदलेल. शेजारून डंकनचा मुलगा, राजपुत्र, त्याला सांगतो मर्दासारखं घे, आणि हा म्हणतो की घेईन, पण आधी माणसासारखं मला ते जाणवू तरी दे. त्यावेळी आईने माझा हात धरला. काही बोलली नाही.

ग्रीक नाटकातही मारामारी बहुतेक आतच व्हायची आणि निरोप्या बाहेर येऊन सांगायचा. आपल्या भरताच्या नाट्यशास्त्रातही युद्ध, मरण, नगराला वेढा असल्या गोष्टी अंकात प्रत्यक्ष दाखवू नयेत, प्रवेशकातून, म्हणजे दोन अंकांमधल्या छोट्या जोडप्रवेशातून, सुचवाव्यात असं आहे. भासाने 'ऊरुभंग' या संस्कृत नाटकात दुर्योधनाला स्टेजवर मरू दिलं ती वेगळी वाट. आणि आपल्या मराठीत तर तेंडुलकरांच्या 'गिधाडे'चं उदाहरण आहेच, १९७० चं, सेन्सॉरने साडीवरच्या लाल डागाला हरकत घेतली तेव्हा डॉ. श्रीराम लागूंच्या त्या प्रयोगात डाग निळा केला आणि प्रेक्षकांना सांगितलं की हा लाल समजा. विचार करा, एवढं सांगितल्यावर प्रेक्षकाला तो डाग किती जास्त लाल दिसला असेल.

झोपेत चालणारी लेडी मॅकबेथ उत्तम. तीच मुलगी, तेच घंगाळं, पण आता कोरडं, आणि ती कोरड्या भांड्यात हात धुतेय. त्या म्हाताऱ्यात एवढं रक्त असेल असं कुणाला वाटलं होतं, हे वाक्य ती जवळजवळ आश्चर्याने म्हणते, किराणा आणताना अंदाज चुकला तसं. आणि नेमका तेव्हा पुढच्या रांगेत कुणाचा तरी मोबाईल वाजला, पूर्ण रिंगटोन. मी रागाने नुसती थरथरले. ती थांबली नाही, हात धूत राहिली. तिला माझा नमस्कार.

शेवटची लढाई पुन्हा ढोल, पुन्हा स्ट्रोब, लांबलेली. पण मॅकबेथचं मुंडकं आणायची वेळ आली तेव्हा मला भीती वाटत होती की आता थर्माकोलचं डोकं येणार, ते आणलं नाही. मॅकडफने घोंगडीत गुंडाळलेलं काहीतरी आणून त्या घंगाळ्यात ठेवलं. भांड्याला टेकताना ठण्ण आवाज झाला. दरबार नव्या राजाच्या नावाने ओरडला, आणि पहिल्या प्रवेशातला तो तरुण पोरगा पोटावरून परत तसाच हात नेतो, खालून वर. हे बघितल्यावर मागचे ढोल मी माफ केले.

थिएटरबद्दल, खुर्च्या बऱ्या, एसी फार गार, शाल न्या. पार्किंग नाही म्हणजे नाहीच, रिक्षाने जा. नाटक पंधरा मिनिटं उशिरा सुरू झालं आणि कुणी येऊन सांगितलंही नाही.

रिक्षा मिळेना म्हणून आम्ही चालत निघालो, बाजीराव रोडने, शनिवारवाड्यापर्यंत. साडेदहा वाजून गेले होते, दिल्ली दरवाजा बंद, समोर भेळवाले आवरत होते. तिथे आल्यावर विषय निघणारच. ३० ऑगस्ट १७७३, नारायणराव पेशवे, अठरा वर्षांचा मुलगा, गारदी मागे लागलेले, आणि काका राघोबा तिथेच. 'ध'चा 'मा' आनंदीबाईंनी केला असं म्हणतात, ते खरं खोटं जाऊ दे, पण आई म्हणाली की बघ, पुण्यात कुणाला विचारलं की तो खून कसा झाला, किती वार झाले, तर सांगता येणार नाही, पण 'काका मला वाचवा' मात्र शेंबड्या पोरालाही पाठ. आवाजच राहिला फक्त. मी म्हटलं, आणि दार. ती हाक मारत दालनं ओलांडत धावला, आणि नंतर ज्या दरवाजातून त्याचं शव बाहेर नेलं तो नारायण दरवाजा. ती म्हणाली, हो, आणि दार.

ग्रुपमधल्या कुणी हे वाचलं तर एवढीच विनंती, बॅन्कोच्या प्रवेशातले ढोल काढा, मशाल विझू द्या आणि अंधारात त्या पोराची पळणारी पावलं ऐकू येऊ द्या, तुमच्याकडे ते करणारी माणसं आहेत हे मी बघितलंय. आणि पोस्टरवर मुलांबद्दलची ओळ टाका.

पुढचा प्रयोग लागला की आम्ही दोघी परत जाणार आहोत. जाणाऱ्यांनी शक्यतो डावीकडची खुर्ची घ्या, तिसरी चौथी रांग. आम्ही उजवीकडे होतो, तिथून खुनाच्या वेळी दार दिसतं पण ती दाराकडे वळली की तिचा चेहरा दिसत नाही, आणि आईला तो बघायचा आहे.